काट्यावरची तहान

वजनकाट्याच्या रांगेत उभ्या असलेल्या पैलवानानं पाणी मागितलं, तशी अख्खी रांग मागं वळून बघायला लागली.

कुस्तीतलं ज्यांना कळत नाही त्यांना यात काही विशेष वाटायचं नाही, म्हणून सांगतो. निवड चाचणीच्या दिवशी काट्यावर चढेपर्यंत पैलवान पाण्याच्या थेंबाला शिवत नाही. ज्या गटात खेळायचं त्याच्या आत वजन बसलं पाहिजे. गुंजभर वर गेलं की वळकटी उचलायची आणि घर गाठायचं. म्हणून पोरं आदल्या दिवसापासून उपाशी असतात, अंगात दोन-दोन स्वेटर घालून उन्हात पळतात, तोंडात चिंचोका धरून थुंकत बसतात. एकानं तर त्या सकाळी डोकं भादरून घेतलं होतं, केसांचं ओझं नको म्हणून. अशी सगळी सुकलेली, ओठ फुटलेली पोरं तालुक्याच्या मैदानावर लंगोटावर उभी होती. आणि त्यात आमचा सर्जेराव मला म्हणाला, "येसबाआबा, पाणी."

मी कळशी पुढं केली. तांब्या नव्हे, कळशी. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानाला पाट सोडावा तसं पाणी आत जाऊ दिलं. रिकामी कळशी माझ्या हातात आली तेव्हा मीच तिच्यात डोकावून बघितलं.

मी वाढवून सांगतोय असं तुम्हाला वाटणार. वाटू द्या. पुराच्या पाण्यात मगरीच्या पाठीवर बसून बाजाराला गेलो आणि येताना मगर दमली म्हणून तिला खांद्यावर घेऊन आलो, हे सांगणारा मीच. पण कळशी खरी होती.

पाणी पिऊन सर्जा काट्यावर चढला. पंचांनी वजनं सरकवली, परत मागं घेतली, काट्याखाली वाकून कुणी पाय लावलाय का बघितलं, पुन्हा सरकवली. सत्तर किलोचा गट होता. पोरगं त्याच्याही खाली आरामात बसलं. जे पाणी प्यालं ते गेलं कुठं, हे तिथं कुणालाच समजेना. रांगेतला एक जण तर हात जोडून म्हणाला, बाबा, हा मंतर मला शिकव.

मी वाळवंडीच्या तालमीत थंडाई घोटणारा माणूस. कृष्णात वस्तादांची ती तालीम. पोरांना डाव ते शिकवायचे, बदाम मी वाटायचो, आणि वाटता वाटता गप्पा हाणायचो. सर्जा तेव्हा बाविशीतला. वरच्या गटात त्याची गाठ कायम त्याच्याहून उंच, रुंद पोरांशी पडायची आणि तीन वर्षं निवड हुकायची. वस्ताद म्हणायचे, वजन उतरव, खालच्या गटात तुला जोड नाही. पण वजन उतरायचं नाव घेत नव्हतं. आणि त्या वर्षी दिवाळी झाली तसं ते आपोआप उतरायला लागलं. खाणं कमी नाही, उलट दुप्पट. भाकरी मोजायच्या आम्ही सोडून दिल्या होत्या. तरी बरगड्या दिसायला लागल्या. वस्तादांना वाटलं, मेहनतीनं चरबी झडतेय, कस तेवढा मागं उरतोय. ते खूश.

तहानेचंही तसंच. आमच्यात म्हण होती की घाम गाळणाऱ्याला तहान लागणारच. सारखं लघवीला जातोय, तर पाणी पितोय म्हणून जातोय. गुडघा आखाड्यात खरचटला होता, तो महिना झाला तरी ओलाच, तर म्हटलं पोरगं त्याला खाज सुटली की नखं लावत असेल. मी हळद दाबली. जोर मारताना मध्येच बसायला लागला, तर वस्ताद म्हणाले, मन लागत नाही ह्याचं, कुठं जीव जडलाय का बघा. एकदा समोरून येणाऱ्या माझ्याकडं डोळे बारीक करून बघत तो म्हणाला, कोण ते, आबा का? मी म्हटलं, न्हाई, मी तुझा सासरा. पोरं खिदळली.

आणि पोरगं सुकतंय म्हणून मी काय केलं, तर त्याची थंडाई वाढवली. साखर सढळ हातानं. तो ती घटाघटा प्यायचा आणि वर परत पाणी मागायचा.

तहानेच्या गोष्टी मीच पंचक्रोशीत पेरल्या. म्हशींच्या आधी हा पाण्याच्या डोणीवर जातो, मग म्हशी आटलेली डोण बघून हंबरतात. विहिरीत वाकला तर कासवं कडेला येऊन बसतात, उगाच पोटात जायला नको. बाजारात, पारावर, न्हाव्याच्या दुकानात, जिथं बसलो तिथं सांगितलं. लोक हसायचे. त्या हसणाऱ्यांत हैबती वस्ताद नव्हते.

हैबती वस्ताद शेजारच्या गावचे. त्यांचा पठ्ठ्या भैरू सत्तर किलोच्या गटात सर्जाच्या समोर येणार होता. सर्जा काट्यावरून उतरला तसे हैबती पंचांकडं गेले आणि म्हणाले, हे पोरगं पाण्याच्या गोळ्या खातंय. अशा गोळ्या असतात, खाल्ल्या की अंगातलं पाणी लघवीवाटे निघून जातं आणि वजन उतरतं. नियमानं बंदी. पंचांनी पुरावा मागितला, तर हैबतींनी माझ्याकडं बोट केलं. म्हणाले, ह्यांच्याच येसबानं गावभर सांगितलंय, पोरगं पाणी पितंय आणि मुततंय.

माझी गोष्ट कुणीतरी खरी मानल्याचा तो पहिलाच प्रसंग.

मैदानाला लागून डॉक्टर मगदुमांचा दवाखाना होता. चाचणीला डॉक्टर तेच. पंचांनी सांगितलं, लघवी तपासणीला पाठवा. निकाल येईपर्यंत कुस्ती खेळू दे, पण गोळी सापडली तर पोराचं नाव कायमचं बाद. सर्जा गोरामोरा झाला. मी काय घेतलं न्हाई, एवढंच तो दोनदा म्हणाला. कृष्णात वस्ताद त्याच्याकडं बघत राहिले.

आता खरं सांगतो. माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. एवढं पाणी पिऊन कुणाचं वजन उतरतं? पोरगं तीन वर्षं हरलंय, कुणीतरी नादाला लावलं असेल, घेतली असेल गोळी. त्याला विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं. पण खरं ऐकण्यापेक्षा मला सोपा डाव सुचला. डॉक्टरांनी त्याला नावाची पट्टी चिकटवलेली बाटली दिली, तशी मेजावरची दुसरी एक रिकामी बाटली मी धोतराच्या सोग्यात सरकवली आणि टॉवेल घेऊन त्याच्या मागं गेलो.

मोरी दवाखान्याच्या मागं होती. सर्जा बाटली भरून कट्ट्यावर ठेवून नळाला तोंड लावायला गेला. परत पाणीच. तेवढ्यात मी आडोशाला जाऊन माझी बाटली भरली, त्याची पट्टी सोलून माझ्या बाटलीवर चिकटवली, ती कट्ट्यावर ठेवली, आणि त्याची ओतून टाकणार तेवढ्यात मागून हैबती वस्ताद आले. बाटली मी सोग्यात दडपली. त्यांनी सोग्याकडं बघितलं आणि मला मनगटाला धरून डॉक्टरांपुढं उभं केलं.

"ह्याच्याकडं बाटली हाय. अदलाबदल करणार होता."

माझी जीभ कुठं अडली नाही ती तिथं अडती का? मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, ही माझी स्वतःची. ह्या वयात मधनंमधनं जळजळ होते, आलोच आहे तर तपासून घ्यावं म्हणून भरली. ह्यांना माझ्या मुतातसुद्धा डाव दिसतो.

खोलीतले सगळे हसले, कृष्णात वस्तादही. डॉक्टर म्हणाले, द्या मग, बघू. त्यांनी आधी पट्टीची बाटली उघडली. गोळीची तपासणी पुढं पुण्याला व्हायची होती, पण त्यात कुणी साधं पाणी मिसळलं नाही ना, हे बघायला त्यांनी रंगीत चौकोनांची कागदी काडी बुडवली. ठीक आहे म्हणाले, बाटलीला लाख लावली. मग दुसरी काडी घेऊन ती मी माझी म्हणून दिलेल्या बाटलीत बुडवली.

एक चौकोन निळसर होता. तो हिरवा झाला. थांबेल म्हणून मी बघत होतो, तर तो गर्द हिरवा झाला, मग मातकट, मग भाजलेल्या गुळासारखा तपकिरी. त्याच्या शेजारचा चौकोन जांभळा पडला. डॉक्टरांनी काडी खिडकीपाशी नेली. दुसरी काडी काढली, पुन्हा बुडवली. मग माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"येसबा, तुम्ही उभे कसे आहात?"

 ते म्हणाले, साखर भरभरून चाललीय, आणि नुसती साखर नाही, अंगात विष तयार व्हायला लागलंय. तहान लागते का, सारखं लघवीला जावं लागतं का, वजन उतरलंय का, जखम भरत नाही का, अंधुक दिसतं का. एकेक प्रश्न ते मला विचारत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं डोण, मोरी, बरगड्या, गुडघा अशी एकेक गोष्ट येत होती. आणि ती बारीक केलेली नजर. कोण ते, आबा का?

कृष्णात वस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, वय झालं की होतंय, घाबरू नको, माझ्या चुलत्यालाबी हाय. हैबतीसुद्धा मऊ झाले, कारल्याचा रस घेत जा म्हणाले. सर्जानं मला बसायला खुर्ची ओढून दिली. त्याच्या तोंडाला फार पिकलेल्या केळ्यासारखा वास येत होता. तो चार दिवस येत होता आणि मी त्याला सांगितलं होतं, दात घास नीट.

"ती बाटली माझी न्हाई," मी म्हटलं. "सर्जाची हाय. मी पट्टी बदलली."

माझी अपेक्षा होती की छत खाली येईल. काहीच झालं नाही. कृष्णात वस्ताद हसून डॉक्टरांना म्हणाले, भ्यालाय म्हातारा, आता दुखणं पोराच्या गळ्यात घालतोय. डॉक्टरही समजुतीनं मान हलवायला लागले. वस्ताद म्हणाले, बाविशीच्या पैलवानाला कसली साखर? हैबती तेवढे ताठ झाले. त्यांना साखरेशी देणंघेणं नव्हतं, पट्टी बदलली एवढंच ऐकू आलं होतं. ते म्हणाले, बघा, कबूल झाला, पोराला बाद करा. त्यावर कृष्णात वस्ताद उसळले. येसबा मगरीला खांद्यावर घेणारा माणूस, त्याच्या कबुलीवर तुम्ही माझं पोर बाद करणार? दोघे वस्ताद एकमेकांच्या अंगावर गेले. सर्जा मधे उभा, एकदा ह्यांच्याकडं बघतोय, एकदा त्यांच्याकडं. आयुष्यभर मी काहीही सांगितलं तरी लोक कान देऊन ऐकायचे, आणि त्या खोलीत माझं ऐकणारं एकही माणूस नव्हतं.

मी डॉक्टरांचा हात धरला. कुठल्या बाटलीत काय होतं ते सोडा म्हटलं. रक्त बघता येतं ना, मग आमच्या दोघांची बोटं टोचा. सुई तर खोटं बोलत नाही.

डॉक्टरांनी बोटाच्या थेंबावर साखर सांगणारं एक छोटं यंत्र नुकतंच आणलं होतं. आधी माझं बोट टोचलं. आकडा बघितला, कपाळाला आठी घातली, म्हणाले, ह्यांची साखर तर माझ्यापेक्षा चांगली आहे. मग सर्जाकडं वळले. सर्जा हात मागं घेत होता. एवढे डाव खाल्लेलं पोरगं, सुईला भीत होतं.

यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. डॉक्टरांनी ते झटकलं, नवी पट्टी लावली, दुसरं बोट टोचलं. तरी आकडा नाही.

कृष्णात वस्तादांनी विचारलं, बिघडलं का?

"नाही," डॉक्टर म्हणाले. "ह्याला जेवढं मोजता येतं, त्याच्या पलीकडं गेलीय."

 डॉक्टर आता हळू बोलत होते. म्हणाले, हा आजार म्हाताऱ्यांचाच असतो असं नाही. पोराच्या अंगात साखर जिरवणारा रस तयार व्हायचा बंद झालाय, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही, लघवीवाटे वाहून जातंय, आणि शरीर स्वतःलाच खायला लागलंय. ज्याला तुम्ही चरबी झडली म्हणत होता, ते त्याचं मांस होतं. आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला न्यायचं, सलाईन लावायचं, इंजेक्शनं सुरू करायची. उशीर झाला तर हा झोपेल आणि उठणार नाही.

तेवढ्यात मैदानावरचा भोंगा बोलला. सत्तर किलो गट, वाळवंडीचा सर्जेराव आणि भैरू, आखाड्यात या.

सर्जा उठला. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, "एक कुस्ती. मारतो आणि येतो. मग कुठं न्यायचं तिथं न्या."

मी कृष्णात वस्तादांकडं बघितलं. त्या माणसानं तीन वर्षं ह्या पोरासाठी पहाटे उठून आखाडा खोदला होता. तो डॉक्टरांना विचारत होता, पाच मिनिटांनी काय फरक पडतोय? विचारताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण विचारत होता. डॉक्टर दाराकडं धावले, तर सर्जानं त्यांना एका हातानं बाजूला केलं. पुढं मी. मी दारात उभा राहिलो.

आबा, सरका, म्हणाला तो. मी सरकलो नाही. मग त्यानं माझ्या दंडाला धरलं आणि मी त्याच्या मनगटाला.

इथं एक सांगायला पाहिजे. मी आयुष्यात एकही कुस्ती मारलेली नाही. जत्रेत नारळाच्या बक्षिसाच्या कुस्तीतसुद्धा पाठीवर पडलोय. त्यातून तेव्हा साठी उलटलेली, पोटात अंतर्गळ, गुडघ्यात वात. मला डाव टाकायचा नव्हता. नुसता त्याचा हात दंडावरून काढायचा होता, म्हणून मी मनगट खाली ओढलं.

सर्जा पडला. गुडघ्यावर नाही, पाठीवर. दोन्ही खांदे फरशीला टेकले.

 मी त्याच्या छातीवर अर्धा वाकलेला, मनगट अजून माझ्या हातात, आणि त्या मनगटात काही म्हणजे काही नव्हतं. ओल्या टॉवेलला तेवढा जोर असतो. सर्जा छताकडं बघत होता. श्वास जोरजोरात, खोल, दम लागलेल्या बैलासारखा. उठायचा प्रयत्नही त्यानं केला नाही. नुसतं माझ्याकडं बघून, हे काय झालं असं विचारावं तसं, तो म्हणाला, "आबा?"

कृष्णात वस्ताद भिंतीला टेकून खाली बसले.

हलले ते हैबती. त्यांनी मला बाजूला सारलं, वाकून सर्जाला दोन्ही हातांवर घेतलं आणि उचलताना एकदम थांबले. सत्तर किलोच्या पोरासाठी लावलेली ताकद अंगावर आली असावी. ते मागंच झोकांडले. मग त्यांनी त्याला लेकरासारखा खांद्यावर टाकला आणि पंचांची जीप उभी होती तिकडं पळायला लागले. साठीचा तो माणूस, पटक्याचा शेव मागं लोंबतोय, आणि वाटेतल्या लोकांना शिव्या घालतोय, सरका म्हणून. भोंग्यावर सर्जाचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. मग भैरूचा हात वर झाला आणि हलगी वाजली. भैरू गर्दीत आपल्या वस्तादांना शोधत होता. वस्ताद जीपमध्ये होते, मांडीवर सर्जाचं डोकं घेऊन.

कोल्हापूरच्या दवाखान्यात सर्जा दोन दिवस शुद्धीत-बेशुद्धीत होता. आम्ही तिघे म्हातारे बाहेरच्या बाकावर. कुणी कुणाशी भांडलं नाही.  माझी गप्पांची पोतडी त्या बाकावर उघडलीच नाही. आतून नर्स यायची, बोट टोचल्याचा आकडा सांगायची, आणि आम्ही एकमेकांकडं बघायचो. डॉक्टर सांगून गेले की वाचला तर जन्मभर रोज सुई टोचून घ्यावी लागेल, पण जन्म असेल. वाचला तर, हे दोन शब्द कृष्णात वस्ताद कितीतरी वेळ पुटपुटत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला आत सोडलं. पोराच्या दोन्ही हातांना नळ्या, ओठांवर मात्र पहिल्यांदाच ओल दिसत होती. शेजारी पाण्याचा पेला भरलेला होता आणि त्यानं त्याला हात लावलेला नव्हता. मी त्या पेल्याकडंच बघत राहिलो.

सर्जानं डोळे फिरवून आम्हा तिघांना ओळखलं. घसा खाकरला. आवाज निघायला वेळ लागला.

"कुस्ती कुणी मारली?"

कृष्णात वस्तादांनी मान खाली घातली. मीही तोंड फिरवलं. बोलायचं तर हैबतींनीच, कारण जिंकलेला पठ्ठ्या त्यांचा. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला, पोराच्या कपाळावरून हात फिरवला.

"येसबानं," ते म्हणाले.